रात्रीची लाइन, एक टॉर्च आणि तीन मिनिटं: ॲनिमेशन लघुपटाची पटकथा कशी बांधायची

ॲनिमेशन फिल्म करायची म्हटलं की नवीन मुलं पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा विचारतात. कोणतं डाउनलोड करू, माझ्या लॅपटॉपवर चालेल का, पेन टॅब्लेट लागतो का. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण त्यांचा नंबर बराच नंतर लागतो. आधी पटकथा हवी, आणि पटकथेच्याही आधी वहीच्या मागच्या पानावर एक साधा गुणाकार हवा.

आधी गुणाकार

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमनं चालतो. हातानं काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुतेक वेळा एकच चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं लागतात. तीन मिनिटांची फिल्म म्हणजे १८० सेकंद. १८० गुणिले १२, झाली २,१६० चित्रं. एकट्या माणसानं रोज ४० चित्रं काढली तरी ५४ दिवस जातात, तेही एक दिवस न चुकवता. रंग, मागची दृश्यं आणि आवाज यांचा वेळ त्यात धरलेलाच नाही. कागदी कटआउट हलवले किंवा मातीच्या बाहुल्या वापरल्या तर आकडे बदलतात, पण प्रत्येक सेकंदाला घाम मोजावा लागतो हे बदलत नाही.

म्हणून ॲनिमेशनची पटकथा लिहिताना मनात एक गोष्ट पक्की ठेवा: तुमचं प्रत्येक वाक्य कुणाला तरी काढावं लागणार आहे, आणि पहिल्या फिल्मला तो कुणीतरी तुम्हीच असणार. ‘गावातून मिरवणूक निघते’ ही तीन शब्दांची ओळ लिहायला पाच सेकंद लागतात, काढायला महिना पुरत नाही. कॅमेऱ्यानं शूटिंग करणारे भरपूर चित्रण करून नंतर एडिटिंगला बसतात. आपल्याला एडिटिंग आधी करावं लागतं, चित्र काढण्याच्याही आधी, कागदावर. पटकथेची बांधणी म्हणजे मुख्यतः हेच काम.

लांबी किती ठेवायची? ऑस्करच्या नियमात श्रेयनामावलीसकट ४० मिनिटांपर्यंतची फिल्म ‘शॉर्ट’ धरतात, पण ती बाहेरची हद्द झाली. पहिली फिल्म दोन ते तीन मिनिटांची करा. पाच मिनिटांची गोष्ट सुचली असेल तर ती दुसऱ्या फिल्मसाठी वहीत ठेवा.

ही गोष्ट ॲनिमेशनचीच आहे का

सुचलेल्या प्रत्येक कल्पनेला एक प्रश्न विचारायचा: हे मोबाइलवर शूट करता येईल का? आरामात येत असेल तर शूटच करा, एवढी मेहनत कशाला घ्यायची. जे डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला पकडता येत नाही किंवा माणसाच्या मनात चालतं, ते ॲनिमेशनचं. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्याही आधी एका कुंडीतल्या वाटाण्याची वाढ थोडी थोडी करून टिपली होती. बी रुजतं, कोंब वर येतो, वेल चढतो. गोष्ट म्हणून एवढंच, पण आपला डोळा जे कधीच पाहू शकत नाही ते त्यात दिसत होतं.

विदर्भातल्या गावात अशा गोष्टींना तोटा नाही. भंडारा-गोंदियाकडचे मामा (माजी मालगुजारी) तलाव, तेंदूपत्त्याचा हंगाम, मोहफुलांच्या सड्याखालची पहाट, तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल. नागपूरच्या मारबतीचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुतळे घेऊन निघणाऱ्या मिरवणुकीचा, मोह मात्र पहिल्या फिल्मला टाळा, कारण मारबत म्हटली की गर्दी आली आणि गर्दीतलं प्रत्येक डोकं काढावं लागतं. मारबतच हवी असेल तर एका घराच्या ओसरीवर एकच पोरगं बडग्याचं, म्हणजे मिरवणुकीतल्या पुतळ्याचं, तोंड रंगवतंय, इथपर्यंत गोष्ट लहान करा. मिरवणूक फक्त ऐकू येऊ द्या.

या लेखात मी एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवतो, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर नेमकं काय करायचं ते दिसेल.

कित्येक गावांत अजूनही शेतीपंपाची थ्री-फेज लाइन पाळीपाळीनं येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की हरभऱ्याला पाणी द्यायला भर थंडीत रात्री वावरात जावं लागतं. कल्पना अशी: बारा-तेरा वर्षांची सुमी अंधाराला भिते. आज मोटार चालू करायला तिलाच जायचं आहे. हातात टॉर्च आहे.

मोबाइलवर हे शूट होईल? रात्रीच्या पांदणीत, म्हणजे वावराकडं जाणाऱ्या वाटेवर, मोबाइलला काळा पडदा दिसेल. ॲनिमेशनमध्ये मात्र टॉर्चचा गोल काढता येतो, त्या गोलाबाहेरचा अंधार सुमीला कसा दिसतो तेही काढता येतं, आणि काळ्या भागात काहीच काढावं लागत नाही. गोष्टीलाही अंधार हवा आणि मेहनतही अंधारानंच वाचते. अशी जोडी जुळली की ती कल्पना सोडू नका.

एका वाक्यात बसवा

पटकथेच्या धंद्यात याला लॉगलाइन म्हणतात. कोणाला काय हवं आहे, आडवं काय येतं, आणि शेवटी काय बदलतं, हे एका वाक्यात आलं पाहिजे. आपलं वाक्य असं: ‘अंधाराला भिणारी सुमी रात्रीच्या लाइनवर मोटार चालू करायला एकटी वावरात जाते, वाटेत चमकणारे दोन डोळे तिला अडवतात, आणि भीती अंधारातून नाही तर तिच्याच टॉर्चमधून येते आहे हे तिला कळतं.’

सुमीला ‘धाडसी व्हायचं आहे’ असं मी लिहिलेलं नाही. तिला मोटार चालू करायची आहे. पात्राला हवी असलेली गोष्ट हातानं करता येणारी, डोळ्यांना दिसणारी असावी: बटन दाबणं, बैल रंगवणं, घागर भरणं. धाडस वगैरे त्यातून प्रेक्षकाला आपोआप कळतं. ‘आत्मविश्वास मिळवणं’ ही काढता येणारी क्रिया नाही.

दुसरं, बदल एकच. तीन मिनिटांत सुमीची भीतीही जावी, बापाचं कर्जही फिटावं आणि पाणीबचतीचा संदेशही जावा असं होत नाही. गावाकडून पहिल्यांदा लिहिणाऱ्यांवर संदेश देण्याचा फार दबाव असतो, शाळेच्या स्नेहसंमेलनांतून ती सवय लागलेली असते. शेतकऱ्याचं जगणं दाखवायचं आहे ना? मग मुलीला रात्री दहानंतर शाल गुंडाळून वावरात का जावं लागतं, हे नुसतं नीट दाखवलं तरी ते जगणं पडद्यावर येतं.

शेवट आधी, सुरुवात मागून

शेवटचं चित्र ठरल्याशिवाय पहिलं लिहू नका. आपल्या फिल्मचं शेवटचं चित्र: सुमी चांदण्यात टॉर्च बंद ठेवून चालते आहे. आता उलटं या. शेवटी बंद टॉर्चला अर्थ यायचा तर सुरुवातीला टॉर्च चालू असण्याला अर्थ हवा. म्हणून पहिल्या दृश्यात सुमी अंगणातल्या रांजणापर्यंत जायलाही टॉर्च लावते. दिव्याचा उजेड आहे, तरी लावते. एवढ्या एका कृतीत ती कोण आहे हे कळलं, संवादाची गरज नाही.

शेवटी जे फळाला येणार ते सुरुवातीला पेरायचं, आणि सुरुवातीला पेरलेलं काही वाया जाऊ द्यायचं नाही. लघुपटात या नियमाला सूट नाही, कारण वाया गेलेल्या प्रत्येक वस्तूची चित्रं आपण काढलेली असतात. अंगणात झोपलेलं कुत्रं दाखवलं तर ते पुढं लागलंच पाहिजे. ते लागणार आहे.

मग वेळ वाटून घ्या. वहीचं पान आडवं धरा, एक रेघ ओढा आणि तिच्यावर १८० सेकंद मांडा. मी असं वाटेन: घर-अंगण २५ सेकंद, पांदण ४५, डोळे दिसणं ३०, टॉर्च बंद करून काळोख २०, चांदण्यात ओळख पटणं २५, मोटार चालू २०, परतीची वाट १५. बेरीज १८०. पांदणीला सर्वांत जास्त वेळ दिला, कारण भीती साचायला वेळ लागतो. शेवटाला सर्वांत कमी, कारण कळल्यावर प्रेक्षकाला थांबवून ठेवण्यात अर्थ नाही. नवशिके नेमकं उलटं करतात: सूर्योदय, गाव, नदी, मंदिर, कोंबडा असा अर्धा मिनिट परिचयात घालवतात आणि कळीचा क्षण चार सेकंदांत उरकतात.

कळीचा क्षण: इथं सगळ्यात जास्त डोकं लावा

सुमी वावराच्या तोंडाशी येते. स्टार्टरची पेटी समोर खांबावर आहे. टॉर्च त्या दिशेला फिरवते आणि पेटीखाली दोन डोळे हिरवे चमकतात. आता पुढं काय?

पहिला सुचणारा उपाय: टॉर्चचे सेल संपतात, अंधार होतो, आणि तिला कळतं की अंधारातही दिसतं. हा उपाय टाकून द्या. सेल संपणं हा योगायोग आहे, त्यात सुमीनं काही केलेलं नाही. अडचणीत टाकायला योगायोग चालतो, अडचणीतून काढायला चालत नाही. वळण पात्राच्या स्वतःच्या कृतीतून आलं पाहिजे.

मग ती काय करेल? इथं वस्तूचा स्वभाव कामाला येतो. रात्री कुत्र्या-मांजराचे, कोल्ह्याचे डोळे चमकतात ते स्वतःहून नाही. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक थर असतो, तो आपण टाकलेला उजेड परत फेकतो. टॉर्च बाजूला केली की चमक संपली. हे गावातल्या प्रत्येकानं पाहिलेलं आहे, आणि आपली गोष्ट याच एका गोष्टीवर उभी राहते.

ते तीन ठोक्यांत बसवा. पहिल्यांदा थंडीनं आणि भीतीनं हात थरथरतो, टॉर्च हलते, डोळे गायब होतात, हात सावरला की परत दिसतात. सुमीची पापणी लवते. दुसऱ्यांदा ती मुद्दाम टॉर्च खाली करते, डोळे गेले. वर करते, आले. आता ती विचार करते आहे हे प्रेक्षकाला दिसतं, आणि प्रेक्षकही तिच्याबरोबर विचार करू लागतो. तिसऱ्यांदा ती बटनावर अंगठा ठेवते आणि टॉर्च बंद करते. एक शब्द न बोलता विचार करणारं माणूस पडद्यावर दाखवण्याची ही पद्धत शिकून घ्या: चुकून होतं, मुद्दाम करून पाहते, निर्णय घेते.

मग २० सेकंद काळोख. या २० सेकंदांत फक्त आवाज आहेत, आणि हळूहळू निळसर उजेड चढत जातो. पूर्ण अंधाराची सवय व्हायला डोळ्याला प्रत्यक्षात बरीच मिनिटं लागतात, फिल्ममध्ये ती दाबून घ्यायला हरकत नाही. आधी बांध दिसतो, मग हरभऱ्याचे गड्डे, मग खांब, आणि खांबाखाली बसलेलं घरचंच कुत्रं. वावराची वाट त्याला पाठ आहे, ते पुढं येऊन बसलं होतं. या २० सेकंदांसाठी २४० हलती चित्रं काढायची नाहीत. एकच मोठं चित्र काढायचं आणि त्यावरचा काळा थर हलके हलके कमी करायचा. फिल्ममधला सर्वांत सुंदर क्षण सर्वांत स्वस्त पडतो, आणि हे पटकथा लिहितानाच ठरवलेलं असतं.

गावातला माणूस काय विचारेल

हा टप्पा पुस्तकांत क्वचित असतो. कच्ची गोष्ट तयार झाली की ज्यानं हे काम आयुष्यभर केलं आहे त्याला सांगा. पारावर बसलेल्या एखाद्या शेतकऱ्याला ही गोष्ट सांगितली तर तो तीन प्रश्न हमखास विचारेल.

एक: ऑटो का नाही लावला? स्टार्टरला ऑटो स्विच बसवलं की लाइन आली की मोटार आपोआप चालू होते, कुणाला जायची गरज नाही. प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर नाही दिलं तर पूर्ण गोष्ट कोसळते. उत्तर एका चित्रात द्या: अंगणात खाटेशेजारी उघडलेलं, वायरी बाहेर आलेलं ऑटोचं डबडं पडलेलं आहे. दोन सेकंद, संवाद नाही.

दोन: एवढ्याशा पोरीला रात्री एकटीला कोण पाठवतं? हाही रास्त प्रश्न. म्हणून ती घरून एकटी निघत नाही, तिचे आजोबा, आबाजी, सोबत आहेत. पांदणीच्या निम्म्यात, मोरीपाशी (वाटेवरच्या लहान पुलापाशी) त्यांना दम लागतो आणि ते बसतात. पुढचं अंतर तिनं जायचं. यानं फिल्मही सुधारली, कारण आता आबाजींचा खोकला मागं मागं पडत जातो आणि एकटेपणाला आवाजातून अंतर मिळतं.

तीन: चांदणं होतं तर मग अंधार कसला? पांदणीच्या दोन्ही बाजूंना बाभळी, बोरी, पळसाची दाटी आहे, तिथं चांदणं उतरत नाही. वावरात उतरतं, पण टॉर्चच्या झोतात पाहणाऱ्याला झोताबाहेरचं दिसत नाही. उत्तर पटकथेत आधीच आहे, फक्त पांदणीच्या दृश्यात वर फांद्यांचं छत काढायचं लिहून ठेवा.

मी आधी डोळे रोहीचे ठेवायचा विचार करत होतो. नीलगाय मोठी, तिचे डोळे उंचावर चमकतात, भीती जास्त वाटते. पण रोही हरभऱ्यात उभी आहे आणि पोरगी तिच्याकडं मायेनं पाहते आहे, हे विदर्भातला एकही शेतकरी मान्य करणार नाही. तो खुर्चीतून उठून हाकलायला जाईल. बाहेरच्या प्रेक्षकाला हे कळलं नसतं, पण आपली फिल्म आधी आपल्या गावाला खरी वाटली पाहिजे.

पान कसं लिहायचं

आता प्रत्यक्ष पटकथा. प्रत्येक दृश्याच्या डोक्यावर चार गोष्टी: क्रमांक, आत की बाहेर, ठिकाण, वेळ. त्याखाली वर्तमानकाळात, फक्त जे दिसतं आणि जे ऐकू येतं तेवढंच. एक नमुना:

*दृश्य ३. बाहेर. पांदण, मोरीपाशी. रात्र.*

*टॉर्चचा पिवळा गोल मातीवरून सरकतो. बैलगाडीच्या चाकोऱ्या. गोलात आधी सुमीच्या चपला, मग आबाजींच्या. आबाजींच्या चपला थांबतात.*

*आवाज: धाप. खोकला. लांबून कुणाच्या तरी वावरातलं स्प्रिंकलर, चक-चक-चक.*

*आबाजी मोरीच्या कठड्यावर बसतात. टॉर्चचा गोल त्यांच्या तोंडावर येतो, ते हातानं डोळे झाकतात.*

*आबाजी: जाय तू. मी अठीच बसतो. बटन काडीनं दाबजो, हात नोको लावू.*

*सुमी पुढच्या काळोखाकडं टॉर्च वळवते. गोल लांब जातो, मोठा होतो, फिका होतो. त्यात काहीच दिसत नाही.*

‘सुमीला खूप भीती वाटते’ असं कुठंही लिहिलेलं नाही. तसं लिहिलं तर चित्रकाराला काय काढायचं ते कळत नाही. टॉर्चचा गोल फिका होतो आणि त्यात काहीच दिसत नाही, हे काढता येतं. तुमच्या पानावरून ‘वाटतं’, ‘आठवतं’, ‘जाणवतं’, ‘ठरवतं’ ही क्रियापदं लाल पेनानं शोधा आणि प्रत्येकाच्या जागी एक हालचाल किंवा एक आवाज लिहा. पहिल्या मसुद्यावरचा सर्वांत उपयोगी संस्कार हाच.

नव्या चित्राला नवी ओळ द्या. नमुन्यात परिच्छेद छोटे आहेत ते त्यासाठीच, पुढं स्टोरीबोर्ड करताना प्रत्येक परिच्छेदाचे एक-दोन चौकोन होतात. सिनेमात एका पानाला ढोबळमानानं एक मिनिट धरतात, पण ॲनिमेशनमध्ये संवाद कमी आणि क्रिया जास्त असल्यानं तो हिशेब हुकतो. घड्याळ लावून डोळे मिटा आणि दृश्य मनात चालवा, तोच अंदाज जास्त बरोबर निघतो.

संवाद कमी, आवाज भरपूर

आमच्याकडं झाडीपट्टीच्या नाटकांचा मोठा संस्कार आहे. दिवाळीनंतर गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याच्या गावांत रात्र रात्र नाटकं चालतात, आणि वडसा हे तिथल्या नाटक मंडळ्यांचं माहेरघर. त्या रंगभूमीनं आपल्याला संवादावर प्रेम करायला शिकवलं, हे मोठं देणं आहे. पण तो प्रकार रात्रभराचा आहे आणि त्याची सगळी ताकद नटाच्या आवाजात आहे. आपल्या तीन मिनिटांत बोलणाऱ्या तोंडाची प्रत्येक हालचाल आवाजाशी जुळवून काढावी लागते. म्हणून आपल्या फिल्ममध्ये संवाद दोनच ठिकाणी. एक मोरीपाशी, जिथं आबाजींचा हात तोंडाजवळ आहे आणि ओठ फारसे दिसत नाहीत. दुसरा शेवटी, दोघं पाठमोरी चालत असताना:

*आबाजी: टार्च काहून इझवली व?*

*सुमी: दिसते ना.*

पाठमोऱ्या माणसाचे ओठ काढावे लागत नाहीत. वऱ्हाडी वापरा, ती खरी वापरा, आणि लिहिलेलं वाक्य त्या भागातल्या माणसाकडून वाचून घ्या. अमरावतीकडची आणि भंडाऱ्याकडची बोली एक नाही, पात्र कुठलं आहे ते ठरवून तीच बोली शेवटपर्यंत ठेवा.

आवाजांवर मात्र कंजुषी करू नका, त्यांना चित्रं लागत नाहीत. पटकथेत ‘आवाज:’ असा वेगळा परिच्छेद द्या. लाइन आली हे कसं कळतं? घड्याळ दाखवू नका. लांब कुणाच्या तरी वावरात स्प्रिंकलर सुरू होतं आणि आबाजी कान टवकारतात. गोष्ट तिथून निघते. शेवटी सुमी बटन दाबते: स्टार्टरचा खट्ट, मोटारीची घरघर, पाइपात चढणाऱ्या पाण्याचा आवाज, नोझलमधून आधी हवा, मग फुर्र, मग चक-चक-चक. पहिल्या दृश्यात जो आवाज परक्या वावरातून येत होता तो आता तिच्या वावरात आहे. रांजणाची वाटी, शालीची सळसळ, रातकिडे हे सगळं रात्री वावरात बसून मोबाइलवर स्वतः रेकॉर्ड करा, दुसऱ्याचं गाणं किंवा पार्श्वसंगीत उचलून लावू नका. भुलाबाईचं पारंपरिक गाणं सर्वांचं असलं तरी त्याचं कुणी केलेलं रेकॉर्डिंग सर्वांचं नसतं. हवं असेल तर घरातल्या बाईकडून म्हणवून घ्या.

चित्र काढायच्या आधी फिल्म पाहा

मसुदा झाला की वहीत चौकोन आखून प्रत्येक चित्राचं काड्यांच्या माणसांतलं रेखाटन करा. हा स्टोरीबोर्ड. सुबक काढू नका, सुबक काढलेलं टाकवत नाही. त्या चौकोनांचे मोबाइलवर फोटो घ्या, कुठल्याही मोफत व्हिडिओ एडिटरमध्ये ओळीनं लावा, प्रत्येकाला ठरवलेले सेकंद द्या, आणि स्वतःच्या आवाजात संवाद आणि ‘चक-चक’ म्हणून लावून टाका. याला ॲनिमॅटिक म्हणतात. तुमची फिल्म आता पाहता येते आणि तुम्ही अजून एकही पक्कं चित्र काढलेलं नाही.

गोष्ट माहीत नसलेल्या दोन-तीन जणांना ती दाखवा आणि पाहताना काही सांगू नका. नंतर ‘आवडली का’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘काय झालं ते सांगा’ असं विचारा. डोळे कुत्र्याचे होते आणि ते टॉर्चनं चमकत होते हे त्यांनी स्वतः सांगितलं तर बांधणी धरली. ‘ती घाबरली आणि मग कुत्रा आला’ असं सांगितलं तर मधले तीन ठोके स्पष्ट झालेले नाहीत, तिथं परत जा.

मग कात्री. माझा क्रम असा: आधी मागची दृश्यं मोजायची. आपल्या फिल्ममध्ये अंगण, पांदण, वावर ही तीनच आहेत, परतीची वाट पांदणीच्याच चित्रावर निळा रंग चढवून होते. मग परत परत चालणाऱ्या हालचाली शोधायच्या. स्प्रिंकलर फिरणं, सुमीचं चालणं या एकदा काढून पुन्हा पुन्हा वापरता येतात. १२ चित्रांत स्प्रिंकलरचा एक फेरा बसला की तो हवा तितका वेळ चालतो. शेवटी प्रत्येक दृश्यावर बोट ठेवून पाहायचं, हे गाळलं तर पुढचं कळतं का? कळत असेल तर गाळायचं. पहिल्या मसुद्यात सुमीची आई तिला शाल देते असं दृश्य होतं. गोड होतं, पण शाल अंगावर आहे हे पुढच्या चित्रात दिसतंच, म्हणून आई गेली आणि तिच्या अंगाच्या, हाताच्या, पदराच्या हालचालीही गेल्या.

आता सॉफ्टवेअरचा प्रश्न. क्रिता, ओपनटून्झ, पेन्सिल टूडी, सिनफिग आणि ब्लेंडर ही सगळी मोफत आहेत. ब्लेंडरमध्ये ग्रीस पेन्सिल नावाचं साधन आहे, त्यानं सपाट चित्रंही काढता येतात, पण जुन्या लॅपटॉपवर ते जड जातं. साध्या मशिनवर पेन्सिल टूडीनं सुरुवात करा. टॉर्चचा गोल आणि काळा थर यासाठी क्रिताचे लेयर सोपे पडतात.

पक्क्या पटकथेवर प्रत्येक शॉटला क्रमांक घाला, दृश्य ३ मधला दुसरा शॉट म्हणजे ३-२, आणि संगणकावरच्या फाइलला तेच नाव द्या. शेकडो फाइली झाल्या की याची किंमत कळते. पटकथेवर तारीख आणि नाव टाकून एक प्रत स्वतःला ईमेल करून ठेवा. कॉपीराइट लिहिल्याबरोबर तुमचाच होतो, नोंदणी सक्तीची नाही. तरी पुरावा हवा असेल तर मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद होऊन पटकथा ऑनलाइन नोंदवता येते.

वऱ्हाडी संवादांचं प्रमाण मराठीत आणि इंग्रजीत सबटायटल आताच, पटकथेच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. १९९० पासून भरणाऱ्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात लघुपट आणि ॲनिमेशनलाही जागा असते, आणि अशा ठिकाणी फिल्म पाठवायच्या आदल्या रात्री घाईत केलेल्या सबटायटलमध्ये ‘दिसते ना’ या दोन शब्दांचं वाटोळं होतं.